शाल ४९ डॉलरची असली तरी: अमेरिकी खासदारांना भेट देण्याचे नियम

गणेशोत्सवाला किंवा दिवाळी मेळाव्याला स्थानिक काँग्रेसमन येणार म्हटलं, की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न पडतो: सत्काराला काय द्यायचं? शाल, श्रीफळ, चांदीचा गणपती, पैठणीचा स्टोल, हापूसची पेटी अशी यादी होते आणि कुणीतरी ठामपणे सांगतं, "पन्नास डॉलरच्या आत असलं की चालतं." हे अर्धंच खरं आहे, म्हणूनच जास्त गोत्यात आणतं. अमेरिकी संसदेच्या नियमांत किंमत नंतर येते. आधी बघतात ते देणारा कोण. एकाच दुकानातल्या दोन सारख्या शाली, एक साध्या सांस्कृतिक मंडळाने दिली तर चालते, दुसरी लॉबिस्ट (मोबदला घेऊन खासदारांकडे पाठपुरावा करणारा माणूस) नेमलेल्या कंपनीने दिली तर नियमभंग होतो.

अमेरिकेतली मंडळं, व्यापारी संघटना, छोट्यामोठ्या कंपन्या आणि तिथे 'गव्हर्नमेंट अफेअर्स'ची नोकरी करणारे मराठी लोक यांना पदोपदी लागतं तेवढं इथे क्रमाने देत आहोत.

आधी मूळ नियम

अमेरिकी संसदेची (काँग्रेसची) दोन सभागृहं, हाऊस आणि सिनेट. हाऊसचा नियम २५, कलम ५ आणि सिनेटचा नियम ३५. दोन्हींची सुरुवात नकारापासून होते: सदस्याने, अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कोणतीही भेट घ्यायची नाही, खाली दिलेल्या अपवादांत बसत असेल तरच घ्यायची. त्यामुळे "कुठे मनाई लिहिली आहे?" असं विचारून काही मिळत नाही. "मी कोणत्या अपवादात बसतो?" असं विचारावं लागतं, आणि अपवादाचं नाव घेता आलं नाही तर उत्तर 'नाही' असंच धरायचं.

'भेट' या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. वस्तू, जेवण, करमणूक, पाहुणचार, प्रवास, सवलत, कर्ज, इतकंच काय, येणं असलेल्या पैशाची वसुली सोडून देणं, पैशात किंमत करता येईल ते सगळं त्यात आलं. गाडीतून विमानतळावर सोडणं हीसुद्धा भेट ठरू शकते.

आजची कडक चौकट २००७ मधली आहे. त्यामागे जॅक अब्रामॉफ हा लॉबिस्ट होता. वॉशिंग्टनमधल्या त्याच्या 'सिग्नेचर्स' या रेस्तराँमध्ये खासदार आणि त्यांचे कर्मचारी फुकट जेवत, मॅचची तिकिटं वाटली जात, आणि २००२ साली ओहायोचे काँग्रेसमन बॉब ने यांची स्कॉटलंडला गोल्फची सहल झाली. अब्रामॉफने जानेवारी २००६ मध्ये गुन्हा कबूल केला, ने यांना जानेवारी २००७ मध्ये ३० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात हाऊसने आपले नियम आवळले आणि १४ सप्टेंबर २००७ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. त्याआधी लॉबिस्टलाही ५० डॉलरच्या आतली सूट होती. ती तेव्हा गेली, पण लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

पायरी १: घेणारा कोण ते ठरवा

काँग्रेसमन आणि सिनेटर यांचे नियम बरेचसे सारखे आहेत, पण प्रवास आणि काही बारीकसारीक बाबतींत वेगळे. त्यांच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनाही तेच नियम लागतात. अपॉइंटमेंट मिळवून देणाऱ्या तरुण शेड्युलरला "कृतज्ञता म्हणून" पाठवलेलं गिफ्ट कार्ड ही सर्रास होणारी चूक आहे. गिफ्ट कार्ड रोख रकमेसारखंच धरलं जातं आणि ५० डॉलरच्या सवलतीत ते अजिबात बसत नाही, ५ डॉलरचं असलं तरी.

राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य, महापौर, शाळा मंडळाचे सदस्य यांना हा लेख लागू नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. व्यासपीठावर काँग्रेसमन, स्टेट सिनेटर आणि महापौर असे तिघे बसणार असतील तर तीन वेगवेगळे नियम तपासावे लागतील, आणि तिघांना एकच शाल द्यायचा बेत बहुधा सर्वांत कडक नियमावर अडकेल.

पायरी २: देणारा कोण ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. देणारे चार प्रकारचे असतात:

- नोंदणीकृत लॉबिस्ट,
- परकीय सरकारचा वा परकीय पक्षाचा नोंदणीकृत एजंट (हा १९३८ चा वेगळा कायदा),
- ज्यांनी लॉबिस्ट नोकरीला ठेवला आहे किंवा बाहेरची लॉबिंग फर्म नेमली आहे अशी खासगी संस्था,
- यांपैकी कोणीही नाही.

पहिल्या तिघांना ५० डॉलरची सवलत नाही. चौथ्यालाच आहे.

लॉबिस्ट हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, कारण भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा केंद्रीय कायदाच नाही. अमेरिकेत तो कायदेशीर व्यवसाय आहे आणि १९९५ च्या कायद्यानुसार त्याची नोंद होते. त्या नोंदींचा धक्का एकदा थेट आपल्या संसदेला बसला होता. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टने अमेरिकेत भरलेल्या लॉबिंगच्या अहवालांत भारतातल्या परकीय गुंतवणुकीचा उल्लेख सापडला, दिल्लीत गदारोळ झाला आणि सरकारला न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी नेमावी लागली.

व्यक्ती लॉबिस्ट ठरते ती ढोबळमानाने अशी: पगार वा मोबदला घेऊन, एका अशिलासाठी एकाहून जास्त वेळा खासदार वा मोठ्या अधिकाऱ्यांशी संपर्क, आणि तीन महिन्यांच्या काळात त्या अशिलासाठीच्या कामाचा किमान २० टक्के वेळ लॉबिंगमध्ये. संस्थेने नोंदणी करण्यासाठी खर्चाचीही मर्यादा आहे. जानेवारी २०२५ पासून ती स्वतःचे कर्मचारी असलेल्या संस्थेसाठी तिमाहीला १६,००० डॉलर आणि लॉबिंग फर्मसाठी दर अशिलामागे ३,५०० डॉलर आहे. नोंदणी ४५ दिवसांच्या आत करायची असते.

तुमची संस्था यात आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. हाऊसच्या क्लार्ककडे आणि सिनेटच्या सेक्रेटरीकडे भरलेले सगळे फॉर्म इंटरनेटवर खुले असतात. तिथे संस्थेचं नाव 'नोंदणी करणारा' म्हणून आणि 'अशील' म्हणून, दोन्हीकडे शोधा. दुसरा शोध बहुतेक जण विसरतात. कंपनीत एकही लॉबिस्ट नसेल, पण मुख्य कार्यालयाने वॉशिंग्टनमधल्या एखाद्या फर्मला काम दिलं असेल, तर कंपनी तिसऱ्या गटात गेली. न्यू जर्सीच्या शाखेतल्या मॅनेजरला हे माहीतही नसतं.

मंडळांच्या बाबतीत गाडी बहुधा इथे घसरते. मंडळाकडे लॉबिस्ट नाही, त्यामुळे मंडळ चौथ्या गटात. पण सत्काराचा खर्च एका मोठ्या प्रायोजक कंपनीने उचलला आहे आणि त्या कंपनीचे लॉबिस्ट आहेत. मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून दिली तरी भेट कंपनीचीच. पैसा कुणाचा, यावरून देणारा ठरतो. प्रायोजकाच्या पैशातून शाल घ्यायची नाही, ती मंडळाच्या वर्गणीतून घ्यायची आणि पावती तशीच ठेवायची.

उलट दिशेनेही हेच. लॉबिस्टने स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या क्रेडिट कार्डावर बिल दिलं म्हणून तो 'खासगी माणूस' होत नाही. त्याची नोंदणी त्याच्यासोबत जेवणाच्या टेबलापर्यंत येते. आणि साध्या कर्मचाऱ्याने दिलेली भेट त्याच्या आणि त्याच्या कंपनीच्या, अशा दोघांच्या वार्षिक मर्यादेत मोजली जाते.

सरकारी विद्यापीठ मात्र निराळं. राज्य वा स्थानिक सरकारने दिलेल्या वस्तूंना स्वतंत्र अपवाद आहे, तो सरकारी विद्यापीठालाही मिळतो. शेजारच्या खासगी विद्यापीठाने लॉबिस्ट ठेवला असेल तर त्याला ५० डॉलरची सवलतही नाही.

पायरी ३: किंमत मोजा, पण नीट

तुम्ही चौथ्या गटात असाल तरच इथे या.

एका वेळची भेट ५० डॉलरपेक्षा कमी हवी. ५० पूर्ण झाले की संपलं, म्हणजे वरची मर्यादा ४९.९९. एका वर्षात, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एकाच देणाऱ्याकडून मिळालेल्या भेटींची बेरीज १०० डॉलरपेक्षा कमी हवी. १० डॉलरच्या आतल्या वस्तू या बेरजेत धरत नाहीत. रोख आणि रोखीसारखं काही चालत नाही.

किंमत म्हणजे बाजारातली किरकोळ किंमत. पुण्यात लक्ष्मी रोडवर शाल १,८०० रुपयांना मिळाली म्हणून ती २०-२२ डॉलरची, हा हिशेब टिकणं कठीण. तशीच शाल न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात ६५ डॉलरला विकली जात असेल तर प्रश्न येणारच. अशी वस्तू अमेरिकेतच, पावतीसह विकत घेतलेली बरी.

वरचे पैसे खासदाराने भरून भेट मर्यादेत आणायची सोय नाही. ५५ डॉलरची वस्तू असेल आणि ते म्हणाले, "हे घ्या सहा डॉलर, आता ती ४९ ची झाली", तर तसं होत नाही. पूर्ण किंमत द्यायची किंवा वस्तू परत करायची. तसंच एक संच फोडून दोन दिवसांत द्यायचा, असले खेळही नकोत.

तिकिटांची किंमत तिकिटावर छापलेली. किंमत छापलेलीच नसेल, उदाहरणार्थ कंपनीच्या खास बॉक्समधली जागा, तर त्या कार्यक्रमाच्या सर्वांत महागड्या छापील तिकिटाइतकी धरायची. "हे तर कॉम्प्लिमेंटरी पास आहेत, त्यांना किंमतच नाही" हे म्हणणं २००७ साली निकालात निघालं.

आता हापूस. अमेरिकेत भारतीय आंबा २००७ पासून अधिकृतपणे येतो, आपल्याकडच्या केंद्रात विकिरणाची प्रक्रिया होऊन, आणि विमानाने येत असल्यामुळे पेटी स्वस्त नसते. किंमत हंगामाच्या सुरुवातीला एक, शेवटी दुसरी. तुम्ही घेतलीत त्या दिवशीची पावती हीच किंमत. पेटी ५० च्या वर जात असेल तर अर्धी पेटी द्या, हे वाचायला कसंसंच वाटतं, पण नियमात बसतं. आणि टपालाने तर काही पाठवूच नका. २००१ च्या अँथ्रॅक्स हल्ल्यापासून काँग्रेसचं टपाल बाहेर तपासून मगच आत जातं. तोवर आंब्याचं काय होईल ते सांगायला नको.

पायरी ४: लॉबिस्टवाल्यांनाही उघडे असलेले दरवाजे

पहिल्या तीन गटांत असलात तरी सगळंच बंद नाही. पुढचे अपवाद देणाऱ्याकडे न बघता मिळतात.

स्मृतिचिन्ह. ढाल, ट्रॉफी, सन्मानपत्र अशी मुख्यतः स्मरणार्थ असलेली वस्तू. तिच्यावर खासदाराचं नाव आणि प्रसंग कोरलेला असावा, समारंभात प्रत्यक्ष हातात द्यावी, आणि तिचा दुसरा काही उपयोग नसावा. लाकडी पाटीवर पितळी पट्टी, ठीक. चांदीची समई आणि तिच्या बुडाला नाव कोरलेलं, ही समईच राहिली. शाल याच कारणाने स्मृतिचिन्हात बसत नाही: ती पांघरता येते. लॉबिस्ट असलेल्या संस्थेला सत्कार करायचा असेल तर शाल बाजूला ठेवून सन्मानपत्र द्यावं. आपल्या पद्धतीला ते जरा कोरडं वाटेल, इलाज नाही.

नाममात्र वस्तू. शुभेच्छापत्र, बेसबॉल कॅप, टी-शर्ट, अशी उदाहरणं नियमातच आहेत. मंडळाचं नाव छापलेली साधी टोपी याच जातीतली. जरीचा फेटा याच जातीतला आहे असं समजू नका.

माहितीपर साहित्य. कार्यालयात पाठवलेलं पुस्तक, मासिक, सीडी वगैरे. शिवकालीन किल्ल्यांवरचं इंग्रजी पुस्तक इथे बसेल.

चालताबोलता खाण्याचे पदार्थ. जेवणाचा भाग नसलेले, नाममात्र किमतीचे खाद्यपदार्थ: सकाळच्या बैठकीतली कॉफी-डोनट, रिसेप्शनमधले उभ्याने खायचे पदार्थ. वॉशिंग्टनमध्ये याला गमतीने 'टूथपिकचा नियम' म्हणतात: टूथपिकला टोचून खाता आलं तर चालतं, काटा-चमचा आणि खुर्ची लागली तर ते जेवण. गंमत असली तरी व्यवहारात ही कसोटी बरीच कामाची आहे. दिवाळीचा फराळ तर यासाठीच जन्मला असावा. चकली, शंकरपाळी, छोटे बटाटेवडे उभ्याने फिरत खाल्ले तर रिसेप्शन. तेच लोक टेबलावर बसले आणि पुरी-भाजी, मसालेभात, श्रीखंड वाढलं की जेवण झालं, मग पुढची पायरी लागते. हा अपवाद समूहात वावरताना वापरायचा आहे. लॉबिस्टने खासदाराच्या सहायकाला एकट्याला कॉफी पाजायची असेल तर ज्याने त्याने आपलं बिल द्यावं, वॉशिंग्टनमध्ये तीच रीत आहे.

स्वतःच्या राज्यातलं उत्पादन. खासदाराच्या राज्यात पिकलेली वा बनलेली, कमी किमतीची, कार्यालयात येणाऱ्यांना वाटण्यासाठीची वस्तू, जसे जॉर्जियाच्या खासदाराकडे शेंगदाणे. सिनेटच्या सभागृहात तर एका बाकाच्या खणात सर्वांसाठी गोळ्या-चॉकलेटं असतात. ही प्रथा १९६५ साली कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉर्ज मर्फी यांच्यापासून सुरू झाली. हापूस इथे बसत नाही, तो कोकणचा.

मैत्री. हा अपवाद लॉबिस्टलाही आहे, पण सर्वांत निसरडा. मैत्री खरी आहे का हे तीन गोष्टींवरून बघतात: आधीपासून एकमेकांना भेटी देण्याचा इतिहास आहे का, देणाऱ्याने स्वतःच्या पैशाने दिली की कंपनीकडून भरपाई घेतली वा करात दाखवली, आणि तशीच भेट त्याने इतर खासदारांनाही दिली का. दिवाळीला एकाच मिठाईचे बारा डबे बारा कार्यालयांत गेले असतील तर बारा जिवलग मित्र आहेत असं कुणी मानणार नाही. २५० डॉलरच्या वरची भेट मैत्रीखातर असली तरी सभागृहाच्या एथिक्स (आचारनियम) समितीची लेखी परवानगी लागते. न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांना एप्रिल २०१८ मध्ये सिनेटच्या समितीने जाहीर पत्राने ताकीद दिली ती फ्लोरिडातल्या एका डॉक्टर मित्राकडून घेतलेल्या मोठ्या भेटींबद्दल. परवानगी घेतली नव्हती, जाहीर केलं नव्हतं, आणि समितीने भरपाई करायलाही सांगितलं.

एक दरवाजा मात्र लॉबिस्टला बंद आहे आणि लोक तो उघडा समजतात. घरचा पाहुणचार. स्वतःच्या घरी जेवायला वा मुक्कामाला बोलावणं साध्या माणसाला चालतं, नोंदणीकृत लॉबिस्टला आणि परकीय एजंटला नाही. "ऑफिसात नको, घरीच या" हा आपला नेहमीचा मार्ग त्यांनी विसरावा.

आणखी एक आपल्याकडची खास चूक. खासदारांना शाल, आणि त्यांच्या पत्नीची ओटी भरून साडी. ही साडी खासदाराच्या माहितीने आणि त्यांच्या पदामुळे दिली गेली असेल तर ती त्यांनाच दिलेली भेट धरतात. शाल ४० ची, साडी ४५ ची, बेरीज ८५, एका वर्षाच्या मर्यादेत जेमतेम बसेल. एका प्रसंगी एका माणसाला ८५ दिले असं कुणी वाचलं तर ५० ची मर्यादा मोडली. ओटीत तांदूळ, नारळ आणि खण ठेवा, साडी नको.

पायरी ५: मोठा कार्यक्रम आणि बसून जेवण

वार्षिक स्नेहभोजन, अधिवेशन, परिषद यांसाठी 'मोठ्या उपस्थितीचा कार्यक्रम' हा अपवाद आहे. लॉबिस्ट नेमलेली संस्थाही हा वापरू शकते, म्हणून व्यवहारात हाच सर्वांत उपयोगी. अटी अशा:

काँग्रेसबाहेरचे किमान २५ लोक येतील अशी अपेक्षा हवी. खासदार, त्यांचे कर्मचारी मोजायचे नाहीत.

लोक एका क्षेत्रातले सर्वदूरचे, किंवा विषयात रस असलेले नाना प्रकारचे असावेत. एकाच कंपनीचे २५ अधिकारी चालत नाहीत.

निमंत्रण आयोजकाकडून यावं, मागून घेतलेलं नसावं. १० जणांचं टेबल विकत घेणारी कंपनी आयोजक नव्हे. तिने आपल्या टेबलावर खासदाराला बोलावलं की अपवाद गेला. यावर उपाय साधा: कंपनीने आयोजकांना "आमच्या टेबलाजवळ जागा दिलीत तर बरं" एवढंच सुचवावं, निमंत्रण आयोजकांच्याच नावाने आणि त्यांच्याच निर्णयाने जावं.

खासदाराचं येणं त्यांच्या कामाशी संबंधित असावं: भाषण, विषयाची माहिती किंवा समारंभातली औपचारिक भूमिका, जसं दीपप्रज्वलन. नुसती करमणूक चालत नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीचं पहिल्या रांगेतलं तिकीट या अपवादात बसत नाही. गणेशोत्सवाच्या उद्घाटनाला बोलावून पाच मिनिटं बोलायला लावलं तर बसू शकतं. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव आणि भूमिका छापा, तो पुरावा असतो.

या अटी पाळल्या तर सर्वांना मिळतं तेच जेवण, तोच कार्यक्रम त्यांना मोफत मिळू शकतो, सोबत एका व्यक्तीलाही. पण सर्वांना न मिळणारी भेटपिशवी, नंतरची खास पार्टी, हॉटेलचा मुक्काम हे त्यात येत नाही.

दानधर्मासाठीच्या कार्यक्रमाला असाच वेगळा अपवाद आहे, तिथेही निमंत्रण आयोजकाचंच. पण लॉबिस्टने "तुम्ही सांगाल त्या संस्थेला देणगी देतो" असं खासदाराला म्हणणं स्पष्ट बंद आहे. खासदाराच्या ताब्यातल्या संस्थेला किंवा त्यांच्या कोर्टखर्चाच्या निधीला लॉबिस्टने देणगी देणंही बंद.

पायरी ६: प्रवास

लॉबिस्ट पैसे देऊ शकत नाही, बस. लॉबिस्ट नेमलेली संस्था हाऊसच्या सदस्याला फक्त एका दिवसाच्या कार्यक्रमापुरतं नेऊ शकते, साधारण एका रात्रीच्या मुक्कामासह, आणि लॉबिस्ट प्रवासाच्या कोणत्याही टप्प्यात सोबत नको. लॉबिस्ट नसलेली संस्था देशात ४ दिवस आणि परदेशात ७ दिवस नेऊ शकते, सिनेटमध्ये देशातली मर्यादा ३ दिवसांची. समितीकडे कागद किमान ३० दिवस आधी जायला हवेत, आयोजकाचा फॉर्म त्यात असतोच. परतल्यावर हाऊसमध्ये १५ दिवसांत आणि सिनेटमध्ये ३० दिवसांत तपशील जाहीर होतात.

"पुढच्या आठवड्यात अधिवेशनाला या, विमानाचं आम्ही बघतो" हे म्हणूनच जमत नाही. तारखा ठरल्या की दोन महिने आधी बोला, नाहीतर विमानाचा विषयच काढू नका.

पायरी ७: निवडणूक देणगीशी सरमिसळ करू नका

कायदेशीर निवडणूक देणगी ही या नियमांत भेट धरत नाहीत. म्हणजे लॉबिस्ट खासदाराला वडापाव खाऊ घालू शकत नाही, पण २०२५-२६ च्या चक्रात एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरपर्यंत देणगी देऊ शकतो. हे विचित्र आहे, आणि अमेरिकेतले टीकाकारही नेमकं याच फटीवर बोट ठेवतात.

मराठी वाचकांनी इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एच-१बी वर असलेल्याला देणगी देता येत नाही, नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच देता येते. करमुक्त धर्मादाय दर्जा असलेल्या मंडळाने कोणाच्याही प्रचारात पडायचं नाही, मंडळाच्या मंचावर देणगीचं आवाहन तर नाहीच. आणि देणगीचा विषय सरकारी कार्यालयात काढायचा नाही. खासदाराच्या ऑफिसात एका हाताने चेक आणि दुसऱ्या हाताने विधेयकावरचं निवेदन दिलं, तर मामला भेटीच्या नियमांतून उठून लाचलुचपतीच्या कायद्यात जातो. तिथे लाचेला १५ वर्षांपर्यंत आणि 'बक्षिसी'ला २ वर्षांपर्यंत कैद आहे. विशिष्ट कामाशी भेट जोडलेली असल्याचं सिद्ध व्हावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या सन-डायमंड खटल्यात सांगितलं आहे. पण सिद्ध होण्याआधीच्या चौकशीतच माणूस पुरता पिचतो.

पायरी ८: कागदपत्रं

भेट द्यायच्या आधी खासदाराच्या शेड्युलरला ई-मेल करा. त्यात एवढं असावं: देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव, पैसे कोण देतंय, संस्थेने लॉबिस्ट नोकरीला ठेवला वा नेमला आहे का, हो की नाही, वस्तूचं वर्णन आणि अमेरिकेतली किंमत, कार्यक्रम असेल तर तारीख, आयोजक, काँग्रेसबाहेरची अपेक्षित संख्या, खासदाराची भूमिका, जेवण बसून की उभ्याने, सोबत कोण येणार. कार्यालय ते एथिक्स समितीकडे पाठवून सल्ला घेऊ शकतं. "शाल आणि नारळ देणार आहोत, ओके ना?" या एका ओळीला कोणतंही शहाणं कार्यालय होकार लिहून देत नाही.

संस्थेने आपल्याकडे एक साधी वही किंवा एक्सेल शीट ठेवावी: तारीख, कोणाला, काय, किती डॉलर, कोणत्या अपवादाखाली, पावती कुठे. १०० डॉलरची वार्षिक बेरीज याशिवाय कळत नाही, कारण गणपतीतली समिती वेगळी आणि दिवाळीतली वेगळी.

नोंदणीकृत लॉबिस्ट आणि त्यांच्या संस्थांना आणखी दोन फॉर्म आहेत. तिमाही अहवाल तिमाही संपल्यावर २० दिवसांत, म्हणजे २० जानेवारी, २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर. आणि एलडी-२०३ हा देणग्यांचा अहवाल, वर्षातून दोनदा, ३० जुलै आणि ३० जानेवारीला. एलडी-२०३ काहीच देणगी दिली नसली तरी भरायचा असतो, हे नवीन लोक हमखास चुकवतात. त्यात निवडणूक देणग्यांबरोबरच खासदाराचा सन्मान करण्यासाठी केलेला कार्यक्रमखर्चही दाखवावा लागतो, म्हणजे ते सन्मानपत्र नियमात बसलं तरी समारंभाचा हिशेब जाहीर होतो. आणि त्याच फॉर्मवर "मी भेट व प्रवासाचे नियम वाचले आहेत, ते मोडणारी भेट जाणूनबुजून दिलेली नाही" अशी लेखी ग्वाही द्यावी लागते. नियम मोडण्याची जोखीम खासदाराची एकट्याची होती, ती २००७ च्या कायद्याने लॉबिस्टच्याही गळ्यात बांधली: २,००,००० डॉलरपर्यंत दंड, आणि भ्रष्ट हेतूने केलं असेल तर ५ वर्षांपर्यंत कैद.

पायरी ९: चूक झालीच तर

समारंभ संपला, फोटो फेसबुकवर गेले, आणि सोमवारी कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रायोजक कंपनीचे लॉबिस्ट आहेत. आधी एक गोष्ट करू नका: पावती बदलू नका, मागची तारीख घालू नका, "मंडळाने दिली असं लिहू" असं ग्रुपवर टाकू नका. ९० डॉलरच्या शालीची चूक दुरुस्त होते, खोट्या कागदाची होत नाही.

कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, खरी किंमत आणि खरा देणारा सांगून. त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात: वस्तू परत करणं किंवा पूर्ण बाजारभाव भरणं. नाशवंत वस्तू असेल तर ती धर्मादाय संस्थेला देता येते किंवा टाकून देता येते, आंबे परत पाठवायला कुणी सांगत नाही. वस्तू परत आली तर ती घ्या आणि पोच द्या. "अहो ठेवा की, आमचा मान राखा" असा आग्रह इथे करायचा नसतो. पैसे भरणार असतील तर चेक ज्याने शाल विकत घेतली त्या संस्थेच्या नावाने घ्या, मंडळाच्या देणगी खात्यात जमा करू नका, आणि चेकची प्रत वहीतल्या त्याच ओळीसमोर लावून ठेवा.